लास्ट किती?

आमच्या हिने वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्रजी बोलायचा क्लास लावला. त्याची फी मी दोनदा भरली. एकदा पैशांत, आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी सात ते आठ, दुकानदार होऊन.

कारण तसं सरळ होतं. मुलगी-जावई डब्लिनला. मुलीचं बाळंतपण तिकडेच, आणि तीन महिन्यांसाठी ही जाणार. डिंक, आळीव, खारीक इथून नेता येतं. पण दूध-भाजी काही बॅगेत भरून नेता येत नाही. म्हणजे ते आणायला तिथल्या दुकानात जाणं आलं, आणि बोलणं आलं. आमच्या गारखेड्यात क्लासची वानवा नाही. सूतगिरणी चौकातून गजानन महाराज मंदिरापर्यंत नुसतं चालत गेलं, तर पाट्या वाचता वाचताच माणूस अर्धा स्पर्धा परीक्षेला बसतो. त्यातल्याच एका जिन्यावर हिचा क्लास होता. त्यांनी एक पिवळं पुस्तक दिलं. त्यातला सातवा धडा, ‘अ‍ॅट द शॉप’.

धडा असा होता. बाई दुकानात येते. गुड मॉर्निंग म्हणते. “हाऊ मच इज धिस शर्ट?” दुकानदार म्हणतो, “ट्वेंटी पाउंड्स.” बाई म्हणते, “ओके, आय विल टेक इट.” दुकानदार म्हणतो, “थँक यू.” खाली चित्र. चित्रात दोघंही हसतायत.

“पुढचं पान फाटलंय का बघा बरं,” ही म्हणाली.

पान फाटलेलं नव्हतं. पुढच्या पानावर आठवा धडा होता, रेल्वे स्टेशनचा.

“घेतलाच तिने? वीसला?”

“हो.”

“दुसऱ्या दुकानात न बघता?”

“पुस्तकात एकच दुकान आहे.”

“आणि वर हसतेय,” ही म्हणाली. “बावळट कुठली.”

तिथून आमचा सातवा धडा जो अडला तो अडलाच. मी खुर्चीत बसून “ट्वेंटी पाउंड्स” म्हणायचो, आणि हिच्या तोंडून “आय विल टेक इट” काही केल्या निघायचं नाही. जीभ वळत नव्हती असं नाही. मन वळत नव्हतं. गुलमंडीवर चाळीस वर्षं खरेदी केलेल्या बाईला किंमत ऐकल्यावर आधी तीन पावलं चालून जायची सवय असते. चौथ्या पावलाला मागून हाक येते. आली नाही तर पाचवं पाऊल जरा हळू टाकायचं. या चालण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते त्या पुस्तकात नव्हतं. आमच्या हॉलमध्ये तर चौथ्या पावलाला फ्रीजच येतो.

खरी अडचण व्याकरणातच आहे. आपण भाजीवाल्या मावशींना विचारतो, “वांगी कशी दिली?” आता बघा, वांगी अजून तिच्या पाटीत आहेत, पैसे अजून आपल्या बटव्यात आहेत, पण क्रियापद भूतकाळी. देणं-घेणं झालंच आहे, उरलाय तो फक्त आकडा, असं धरून दोन्ही बाजू बोलायला सुरुवात करतात. शहागंजातले बागवानही याच व्याकरणाचे. “कैसे दिये?” म्हटलं की “अस्सी कू” येतं, आणि आपण “नक्को” म्हणून पुढे सरकलो की “कितने कू लेते?” येतं. इंग्रजीतला “हाऊ मच” म्हणजे पोलिसाने पत्ता विचारल्यासारखा. त्यात ना मागचं काही, ना पुढचं.

मग ‘लावणे’. “बरोबर लावा हो.” “घ्या तर खरं, नीट लावतो.” हे नीट लावणं इंग्रजीत कसं सांगायचं? मी हिला भाषांतर करून दिलं, “प्लीज अप्लाय करेक्टली”. ते क्लासमध्ये म्हणून आली, तर मॅडमना वाटलं ही मलमाबद्दल बोलतेय. दुकानदाराचं उत्तर तर त्याहून अवघड. “ताई, घरातच नाही पडत एवढ्यात!” यात घर नाही, पडणंही नाही. तरी आपल्याला चटकन कळतं की याला हा माल आपण म्हणतोय त्याहून जास्त भावाने मिळालाय. अर्थात तो खोटं बोलतोय हेही त्याच क्षणी कळतं, आणि आपल्याला ते कळलंय हे त्यालाही ठाऊक असतं. पाच शब्दांत एवढं बसवणारी दुसरी भाषा असेल तर मला दाखवा.

सातव्या धड्याच्या शेवटी शब्दांची यादी होती. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. मी हिला म्हटलं, चल, पाठ करण्यापेक्षा प्रत्यक्ष बाजारात फिरून शिकू. गारखेड्यात इंग्रजीला काय कमी? डोळे उघडे ठेवून अर्धा तास चाललीस तर यादी संपेल.

ही माझी चूक होती.

पहिला शब्द, कटलरी. पुस्तकात अर्थ : काटे, चमचे, सुऱ्या. ही थांबली. म्हणाली, “छापायला चुकलंय.” समोरच कटलरीचं दुकान होतं. काउंटरवर टिकल्यांची पाकिटं, बांगड्या, रबरबँड, नेलपॉलिश, केसांच्या पिना, परकराची नाडी. काटा शोधूनही सापडला नसता. अगदीच लागला तर केसांतला. लहानपणी आई रंगारगल्लीतून ‘कटलरी’ आणायची तेव्हापासून आम्हाला हाच अर्थ ठाऊक. डब्लिनच्या दुकानात टिकली मागायला जाऊन ही सुरी घेऊन परत येईल, या कल्पनेने मी तो शब्द पेन्सिलीने खोडून टाकला.

पुढे ‘मॅचिंग सेंटर’. आपल्या बायकांना हे सांगायला नको, की इथे साडीवर जाणारं ब्लाउजपीस मिळतं, आणि शेजारीच पिको-फॉल करून मिळतो. पण साहेबाच्या देशात मॅचिंग सेंटर कुठे आहे असं विचारलं, तर तो हिला विवाह मंडळात नेऊन बसवेल. त्यापुढे ‘मेडिकल’. आपण डोकं दुखलं की मेडिकलला जातो आणि दहा मिनिटांत गोळी घेऊन परत येतो. इंग्रजीत मेडिकलला गेलेलं पोर साडेपाच वर्षं परत येत नाही. त्याला लागून ‘डेली नीड्स’, म्हणजे दूध, पाव आणि अंडी. माणसाच्या रोजच्या गरजा यापलीकडे नाहीत हा केवढा वैराग्याचा विचार आहे, पण त्याच पाटीखाली पान मसाल्याच्या माळा टांगलेल्या.

आणि ‘शॉपी’. मोबाइल शॉपी, साडी शॉपी, चिकन शॉपी. हा शब्द पुस्तकात नव्हता. जावयाला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला तिकडे कुणी असं म्हणत नाही. म्हणजे हा आपला, घरचा शब्द. टपरी स्त्रीलिंगी, म्हणून शॉपीही स्त्रीलिंगी. माझ्या मते टपरीला कॉलेजात घातलं की तिची शॉपी होते.

हे सगळं इंग्रजी आता देवनागरीत लिहिलेलं असतं, त्याचीही एक गंमत आहे. 2022 मध्ये राज्याने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालासुद्धा मराठी पाटी लावायची, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान असायची नाहीत. (त्याच दुरुस्तीत दारूच्या दुकानांना थोर पुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावं द्यायला बंदी केली. ती करावी लागली यातच आपला स्वभाव आला.) मुंबईचे व्यापारी कोर्टात गेले, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये, दोन महिन्यांत पाट्या करा, म्हणून सांगितलं. पाट्या झाल्या. ठसठशीत मराठीत झाल्या. ‘द रॉयल मेन्स वेअर.’ ‘न्यू किड्स झोन, होलसेल अँड रिटेल.’ लिपी आपली, अक्षरं आपली, काना-मात्रा आपल्या. शब्द तेवढे साहेबाचे. वस्त्रभांडार आणि केशकर्तनालय ही मंडळी मात्र कायदा व्हायच्या आधीच वारली.

माझे एक मित्र यावर फार हळहळतात. त्यांना मी विचारलं, “मग दुकानाला काय म्हणायचं?” ते म्हणाले, “दुकानच म्हणायचं, शुद्ध मराठी!” दुकान अरबी. बाजार फारसी. किंमत, माल, दलाल, नफा, सगळी अरबी मंडळी, फारसीचा हात धरून आलेली. नफा असा परका. तोटा तेवढा आपला. आणि उधार आपला. तो थेट संस्कृत ‘उद्धार’मधून आला म्हणतात, आणि वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून तोच मूळ शब्द, सात पिढ्यांसकट, वापरतो.

हे परके शब्द हटवायचा पहिला मोठा प्रयत्न खुद्द शिवाजी महाराजांनी केला. रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्द काढून त्या जागी संस्कृत शब्द दिले. त्यात शेवटचा वर्ग ‘पण्यवर्ग’, म्हणजे दुकान-बाजाराच्या शब्दांचा. साडेतीनशे वर्षं होत आली. अमात्य आणि सेनापती आपण इतिहासाच्या पेपरात लिहितो. पण पण्यवीथिकेत जाऊन कुणी धने-जिरे आणल्याचं ऐकलं नाही. महाराजांपुढे बादशहा हरले, बाजार हरला नाही.

किमतीच्या शब्दांकडे आलो, आणि मला जाणवलं की आपण उगाच चार शब्द वापरत नाही. भाव वेगळा, किंमत वेगळी, रेट वेगळा, एमआरपी वेगळी. ‘तू मला भाव देत नाहीस’ म्हणता येतं. ‘तू मला रेट देत नाहीस’ म्हटलं तर माणूस तारेचं कंपाउंड टाकायला आलाय असं वाटेल. ‘या घरात माझी काही किंमत नाही’ हे वाक्य आमच्याकडे महिन्यातून दोनदा होतं, दोन्ही बाजूंनी. त्याऐवजी ‘माझी एमआरपी नाही’ म्हणून बघितलं. भांडणच होऊ शकलं नाही. भाव चढतो, पडतो, वधारतो, खाल्ला जातो. रेट फक्त सांगितला जातो. आणि एमआरपी छापलेली असते. तिचा मराठी अर्थ पुड्याच्या कोपऱ्यात असतो, ‘कमाल किरकोळ किंमत’. कमाल म्हणजे याच्या वर नाही. आमच्या हिने तो शब्द ‘कमाल आहे!’मधला धरलाय. छापलेला आकडा वाचून ती दुकानदाराकडे तशाच नजरेने बघते, आणि तिथून बोलणं खाली यायला लागतं. किराणावाले भाऊ तिला बघितल्याबरोबर दोन रुपये आपणहून कमी करतात. त्यांना गिऱ्हाईकांची रांग थांबवायची नसते.

2010 मध्ये चिकलठाण्याच्या बाजूला प्रोझोन मॉल उघडला तेव्हा आम्ही सगळे नवीन देवळाला जातात तसे गेलो होतो. ही सरकत्या जिन्यावर डोळे मिटून चढली. वर एका दुकानात कुर्ता आवडला. ही तिथल्या मुलीला म्हणाली, “लास्ट किती?” मुलगी म्हणाली, “मॅम, टॅगवर आहे ना.” ही म्हणाली, “टॅगचं राहू दे, तू सांग.” ती पोरगी बिचारी गोंधळली. तिला कधी कुणी ‘तू सांग’ म्हणालेलंच नव्हतं. भाव सांगायचा अधिकार तिच्याकडे नव्हता, तिच्या साहेबाकडे नव्हता, कुठे मुंबई-बंगळूरला कॉम्प्युटरमध्ये होता. तीन पावलं चालून जाऊन उपयोग काय? हाक मारणारंच कुणी नाही. त्या दिवशी मला गिऱ्हाईक आणि कस्टमर यांतला फरक कळला. जो भाव करू शकतो तो गिऱ्हाईक. जो करू शकत नाही तो कस्टमर. (आणि जो भाव न विचारता प्लॉट घेतो ती पार्टी.) अर्थात एखाद्याची टर उडवायची असली की आपण त्याचं ‘गिऱ्हाईक’च करतो, कस्टमर करत नाही, हेही खरं.

टॅगचा विषय निघालाच आहे तर 999 चं सांगतो. बाटाच्या बुटांपासून आपण हा आकडा ओळखतो. 999 ची साडी आली की ही तिला ‘नऊशेची’ म्हणते, मी ‘हजाराची’ म्हणतो. एका रुपयावरून आमच्यात शंभर रुपयांचं अंतर पडतं, आणि दोन दिवस टिकतं. साडीच्या दुकानातला मुलगा तर आधी विचारतो, “कोणत्या रेंजमध्ये दाखवू?” आमच्या गल्लीत मोबाइललाही रेंज नाही, आणि हा माझी विचारतोय. शिवाय त्याने “मावशी” म्हणत गादीवर बसवलं तर एक भाव निघतो, “मॅडम” म्हटलं तर दुसरा. हिला त्याने एकदा “आंटी” म्हटलं, तेव्हा भाव निघालाच नाही, आम्ही निघालो.

सेल हा शब्द मात्र यादीत पाहून मला बरं वाटलं. तो आपल्याला पक्का ठाऊक. सेल लागतो. आग लागते, ठेच लागते, जुलाब लागतात, तसाच तो लागतो, आणि आषाढात, लग्नसराई संपल्यावर, सगळ्या रस्त्याला एकदमच लागतो. ‘50 टक्क्यांपर्यंत सूट’ असं मोठ्या अक्षरांत, आणि त्यातलं ‘पर्यंत’ मुंगीच्या पायाएवढं. गेल्या आषाढात गावाकडून आमचे एक काका आले होते. मुलासाठी दोन खोल्या बघायच्या होत्या. त्रिमूर्ती चौकातून येताना रिक्षातून त्यांनी पाटी वाचली आणि घरात आल्या आल्या, पाणीसुद्धा न पिता म्हणाले, “आरं, तुमच्याकडं फ्लॅट पन्नास टक्क्यानं चाललेत!” ते कापडाचं दुकान होतं. ‘फ्लॅट 50 टक्के ऑफ.’ हे कळल्यावर काका म्हणाले, मग दोन लेंगे तरी घेऊ. लेंगे त्या ऑफरमध्ये नव्हते.

भाजीबाजारातलं इंग्रजी आणखी निराळं. टोमॅटोचा क्रेट आडतीवर पोचला की त्याचा ‘कॅरेट’ होतो. सगळा मोंढा त्याला कॅरेट म्हणतो, वर्तमानपत्रंही तसंच छापतात. इकडे सराफाही कॅरेटच म्हणतो. बावीस कॅरेट, नऊशे सोळा, हॉलमार्क. हे दोन कॅरेट एकमेकांना ओळख देत नसत. पण जुलै 2023 मध्ये टोमॅटो शंभराच्या पुढे गेला तेव्हा त्यांच्यात सोयरीक होते की काय असं वाटायला लागलं होतं. त्या महिन्यात हिने कुणाच्या तरी वाढदिवसाला अर्धा किलो टोमॅटो नेले, आणि त्यांनी ते हळदीकुंकू लावून घेतले.

पैसे द्यायची वेळ आली की आता विचारतात, “कॅश की ऑनलाइन?” माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी विचारायचे, “हाली की कलदार?” आपला भाग निजामाचा, रुपया हाली शिक्का. इंग्रजांचा तो कलदार. सात हालींना साधारण सहा कलदार. निजाम गेला 1948 ला, पण त्याचा रुपया 1959 पर्यंत टिकून होता. आजोबांना बाजारात जाताना दोन कसे लागायचे, आणि डोक्यात सातचा-सहाचा हिशेब. मला एकच फोन लागतो, पण तो आयत्या वेळी फिरत बसतो. मग दुकानदार म्हणतो, “काका, स्कॅनर इकडंय.” तो स्कॅनर म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला चौकोन. तो काहीच स्कॅन करत नाही. स्कॅन माझा फोन करतो. पण हे त्याला समजावून सांगण्यात अर्थ नाही. सगळ्या गावाने त्या पुठ्ठ्याला स्कॅनर ठरवलंय, आणि पुठ्ठ्यालाही ते मान्य दिसतं.

तर अशा रीतीने महिनाभरात हिने सातवा धडा सोडून बाकी पुस्तक पुरं केलं. सातव्यापुरती मॅडमनी सूट दिली. विमानतळावर मी शेवटचं सांगितलं, “तिथे सगळं फिक्स रेट असतं. भाव करू नकोस. लोक हसतात.” ही म्हणाली, “बरं.” हे ‘बरं’ मी छत्तीस वर्षं ऐकत आलोय.

नातू झाला. महिना गेला. परवा व्हिडिओ कॉलवर ही स्ट्रॉबेरीचा डबा नाचवत होती.

“तीन युरोचा होता,” ती म्हणाली. “दीडला आणला.”

“दीडला? कसा?”

“घराजवळचं दुकान. पोरगा उभा होता यंत्रापाशी. मी डबा ठेवला आणि म्हटलं, लास्ट?”

“मग?”

“तो काहीतरी बोलला, येस, लास्ट वन. मग डबा उलटा करून तारीख बघितली. मी गप्प. मग डबा तिथेच ठेवून मी निघाले.”

“किती पावलं?”

“तीन. लगेच हाक मारली त्याने. मी वळून बघते तर डब्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवत होता, निम्म्या किमतीची.”

मुलगी मागून ओरडून सांगत होती की त्या डब्याची तारीख त्याच दिवशी संपत होती, तिथे संध्याकाळी तशा चिठ्ठ्या लावतातच, आईने काही भाव केलेला नाही. पण हिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“आणि वरून कोथिंबीर?” मी विचारलं.

“मागितली ना,” ही म्हणाली. “नाही दिली मेल्याने.”